डावऱ्या हाताचं पीस

हॅलो?

हां, बोल चिमे… अगं स्पीकरवर टाकलाय, हातात पॉलिशचं फडकं आहे… बारावी अंगठी. शेवटचीच राहिलीय… नाही, एकटी नाही, सरदार आलेत माप बघायला… अगं ते दातांचे डॉक्टर! जुन्या काळाचा वेष करून मेळावे भरवणाऱ्या हौशी मंडळींचे म्होरके… हो, आजसुद्धा झगा घालूनच आलेत. ते राहू दे. बाबांचं सांग. एक्सरे झाला?

दोन्ही?… मनगटाची दोन्ही हाडं?… अगं बाई.

मी सकाळी कानीकपाळी ओरडत होते, स्टुलावर चढू नका, लेखण्यांच्या पिसांचा गठ्ठा मी काढून देते. पण ऐकतील तर शपथ. वर मला काय म्हणाले माहीत आहे? “तू दुकान सोडून यायचं नाही, उद्या मेळावा आहे, बारा अंगठ्या वेळेवर गेल्या पाहिजेत.” हात लोंबकळतोय आणि हे ऑर्डरचं सांगतायत! म्हणून तर तुला पाठवलं… हो, हो. प्लास्टर किती वेळ लागेल म्हणाले?

ऑपरेशन?

बरं… बरं… प्लेट घालणार. ठीक आहे, घालू देत. मग अडलंय कुठे? तुझा आवाज असा का येतोय?

अंगठी?

थांब. चिमे, थांब. ती अजून बोटातच आहे?… मोहोरेची? लाखेवर ठसा उमटवायची, पिसाची?… अरे देवा. सकाळी पडल्या पडल्या काढायला हवी होती. हात सुजणार हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. दिवसभर अंगठ्यांच्या दुकानात तर बसते मी, आणि नेमकं तेच सुचलं नाही मला.

बोट कसं दिसतंय?… करंगळी ना? रंग सांग… निळसर म्हणजे किती निळसर? शाईसारखं?… असं कर, नख दाब. दाब आणि सोड. पांढरं झालं की परत गुलाबी होतंय का?… मोज. मनात मोज… पाच? पाच म्हणजे काही बरं नाही, चिमे.

घाबरू नकोस. मी पण घाबरत नाहीये. हात उंच धरायला सांग, छातीच्या वर. साबण लावून पाहिला?… नर्सबाईंनी लावला? बरं. दोरा आहे का कुठे? बोटाला नखापासून घट्ट वेटोळे घालत यायचं अंगठीपर्यंत, मग दोऱ्याचं टोक अंगठीच्या खालून घालायचं आणि उलटं सोडवत जायचं, अंगठी आपोआप पुढे… काय हो? … चिमे, सरदार म्हणतायत दात साफ करायचा दोरा चालेल, गुळगुळीत असतो… केला तोही प्रयोग? आणि?… ओरडले? बाबा ओरडले? मग फारच दुखत असणार. दाढ काढली तेव्हा हूं का चूं केलं नव्हतं त्यांनी.

मग कापा म्हणावं! हॉस्पिटलात असतं ना ते चक्रीचं कटर… हो, मग लावा ते. माझी परवानगी काय मागतेयस?

बाबा देत नाहीत?

म्हणजे काय देत नाहीत!… हात पोटाशी घेऊन बसलेत? लहान मूल आहेत का ते?… डॉक्टरीणबाई काय म्हणतात?… अर्धा तास. अर्ध्या तासात रक्त सुरू झालं नाही तर बोट… नको. पुढचं बोलू नकोस. कळलं मला.

आणि जबरदस्ती नाही करता येत… हो ना, शुद्धीवर आहेत, “नाही” म्हणतायत, तर डॉक्टर तरी काय करणार.

नेमकं काय म्हणाले ते सांग. त्यांच्या शब्दांत सांग.

“उस्तादांनी पास केलेला माझा पहिला नग आहे. चाळीस वर्षं बोटात आहे. बोट कापा, अंगठी कापायची नाही.”

…

ऐकतेय गं. आहे इथेच.

…

चिमे, तू जरा बाहेर ये. बाबांपासून लांब… व्हरांड्यात कुठेतरी. आलीस? कोणी नाही ना आजूबाजूला? आता मी सांगते ते ऐक आणि मधे बोलू नकोस.

सरदार, तुम्ही जरा… जाऊ दे, बसा. ऐकलंत तर ऐकलंत. आता काय लपवायचं आणि कुणापासून.

ती अंगठी चाळीस वर्षांची नाहीये.

दोन वर्षांची आहे.

अगं “काय” काय! मी केलीय ती. मी… बाबांची वितळली. माझ्या हातून… तुला तो पत्र्याचा डबा आठवतो का, भट्टीजवळचा? चुकलेल्या अंगठ्यांचा? … हां तोच. चूक झाली की नग कापायचा आणि डब्यात टाकायचा, डबा भरला की सगळं पितळ वितळवून नवी कांडी पाडायची. दोन वर्षांपूर्वी बाबांना ताप आला होता, बोटं बारीक झाली होती, अंगठी सैल झाली म्हणून त्यांनी काढून ठेवली. कुठे ठेवली? डब्याच्या झाकणावर! आणि मी झाकण उघडताना ती आत गेली असणार. मला काय माहीत? मी सगळा डबा मुशीत ओतला. बाबांची चाळीस वर्षं फूंऽ करून गेली, आणि मला संध्याकाळी ते “माझी अंगठी कुठंय गं” म्हणाले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कसं सांगणार होते? अंथरुणात पडलेला माणूस! “उजळायला घेतलीय, पॉलिश करते” म्हणाले. तीन दिवस दार लावून बसले आणि दुसरी केली. जुन्या पार्सलवर त्यांचा लाखेचा ठसा होता, तो बघून… घातली त्यांनी. काही बोलले नाहीत. “छान चकचकीत केलीस” म्हणाले. त्या दिवसापासून रोज मला वाटतं आज कळणार, आज कळणार.

रागाव नंतर. मनसोक्त रागाव. आता आत जा आणि बाबांना सांग, की ती खोटी आहे, ताईनं केलीय, खुशाल कापा म्हणावं… मी का नाही सांगत? अगं कारण… कारण एवढ्यावर थांबणार नाही ना ते!

ते विचारतील, तू कोरायला कधी शिकलीस.

हो, तेच… मला पिसंच कापता येतात असं त्यांना वाटतं ना. मी पिसवाली! पिसं वाळूत भाजायची, सोलायची, टोक कापायचं, पेटीत भरायची. “पीस कापणं म्हणजे भेंडी चिरणं, अंगठी कोरायला हात लागतो हात.” किती वेळा ऐकलंय हे आपण? आणि त्यांचा हात… तुला नाही दिसत, तू इथे नसतेस. थरथरतो गं. रेघ धरतच नाही. डोळ्यांचंही तसंच. ते दिवसभर कोरतात आणि सहाला घरी गेले की मी तीच अंगठी घासून सपाट करते आणि नव्यानं कोरते. सकाळी ते हातात घेतात, भिंगातून बघतात, म्हणतात, “अजून हात आहे बरं का आपल्याला.”

दोन वर्षं, चिमे. गेल्या दोन वर्षांत या दुकानातून गेलेली एकही अंगठी बाबांची नाही.

…हो, सरदार. तुमच्या बोटातली पण. आणि या बारा पण. नंतर बोला माझ्याशी, काय बोलायचं ते बोला. मेळाव्यात सांगायचं तर सांगा.

चिमे, आता कळलं? अंगठी खोटी म्हटलं की हा सगळा धागा उसवणार. त्यांच्याकडे दुसरं आहे काय त्या “हात आहे” शिवाय?… हो. हो, बोटापेक्षा मोठं नाही. मला कळतंय ते. म्हणूनच म्हणतेय, सांग. जा आत. मी धरते.

…

…

सरदार, तुमच्याकडे बघवत नाहीये मला. पाणी तेवढं द्या. तो माठ तिकडे.

…

हं? हॅलो? सांगितलंस? काय म्हणाले?

म्हणजे?… नीट सांग, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस… “तिनं केली असेल तर मुळीच नाही कापायची”?

असं म्हणाले? नक्की?… रागात?… मग कसे? हसले? चिमे, माणूस शुद्धीवर आहे ना? ताप बिप नाही ना?

नख बघ. आत्ता. दाब, सोड… आठ? आठपर्यंत मोजलंस?… फोन दे त्यांना. दे म्हणते ना. कानाला लाव त्यांच्या.

बाबा?

बाबा, मी बोलतेय… हो. हो, खरं आहे… मुद्दाम नाही हो, झाकणावर होती ती, मी… हो. वितळली. … माझं चुकलं. हजार वेळा चुकलं. दुकानात आल्यावर काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आता हात पुढे करा बाबा, तुमच्या पाया पडते…

का नाही? अहो, ती उस्तादांनी पास केलेली नाही, पहिली नाही, चाळीस वर्षांची नाही. दोन वर्षांचं पितळ आहे नुसतं!

…काय?

…

कधी?… पहिल्याच दिवशी?

कशावरून?

…

ठसा. हो… लाखेवर दाबलीत आणि… हो बाबा. पीस. मला माहीत आहे. मला पण नंतर दिसलं, तुमच्या बोटात गेल्यावर. उलटं कोरायचं गणित नाही हो चुकलं, ते पाठ आहे मला. पीसच चुकलं. तुमच्या मोहोरेवर डाव्या पंखाचं पीस, उजव्या हातात धरायचं, बाहेरच्या अंगाला वळणारं. आणि मी कोरायला बसले, समोर ठसा होता तरी हात आपला आपल्याच सवयीनं गेला… हो. डावरी ना मी. डावऱ्यानं धरायचं पीस कोरून बसले.

दोन वर्षं दर शनिवारी पार्सलवर तुम्ही ते पीस दाबत होतात?… आणि एक अक्षर बोलला नाहीत?

…

बाबा, मग बाकीचंही…

…सहा वाजता. हो. तुम्ही गेलात की.

म्हणजे सकाळी भिंगातून बघून “अजून हात आहे आपल्याला” म्हणायचात, ते…

…

“आपल्याला” म्हणजे दुकानाला. हं.

…

नाही, मी काही बोलत नाहीये. ऐकतेय… हो… मी पिसवाली ती पिसवालीच, मला काय कळणार तुमचं.

बाबा, पण हे सगळं घरी बोलू. भांडू. दोन दिवस भांडू. आत्ता हात पुढे करा. … माझी आहे म्हणून जपताय? अहो मी शंभर करून देईन! … पहिलाच नग असला म्हणून काय झालं! तुमचा पहिला वितळला, माझा पहिला कापला, फिट्टंफाट!

नाही?

बाबा, बोट जाईल हो. डाव्या हातानं तर तुम्ही काम धरता, करंगळीवर सगळा भार असतो. उद्या भिंग धरायला सुद्धा… चिमे, ऐकतेयस का? नख बघ त्यांचं! … दहा? … बाबा, दहा!

थांबा. थांबा थांबा. मी कशाला विनवण्या करतेय तुम्हाला? दुकानाचा कायदा काय आहे? … नाही, तुम्ही सांगा. मला सोळाव्या वर्षी कुणी रडवलं होतं, पहिल्या पिसाचं टोक वाकडं कापलं म्हणून? चुकलेला नग दुकानाबाहेर जायचा नाही. जायचा नाही की नाही? कापायचा आणि डब्यात. उस्तादांचा कायदा. तुमचा कायदा. हो की नाही?

मग तुमच्या बोटात चुकलेला नग आहे. पीस उलट्या पंखाचं आहे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो बाहेर कसा हिंडतोय दोन वर्षं? तुमच्याच बोटात बसून? पार्सलांवर ठसे उमटवत?… दुसऱ्याला शहाणपण शिकवता ना?

…

हं. बरोबर आहे ना? मग करा हात पुढे.

…

काय?

…हो. हो, तेही कलम आहे. मला आठवतंय.

ज्याचा हात चुकला, त्यानंच कापायचा.

…

बाबा, नका ना असं करू. नर्सबाई आहेत, त्यांना सवय आहे… मघाशी तुम्ही हात ओढून घ्यायच्या आधी लावून पाहिलं होतं? आणि कटर घसरलं? पितळ जाड आहे म्हणून? … नुसता ओरखडा आला? मग दुसरं पातं लावतील… नसेल तर मागवतील!

मी?

मी तुमच्या बोटावर? नाही, टेबलावर कापणं वेगळं आणि… त्याच्या आत बोट आहे हो, तुमचं!

…

हो, माहीत आहे कसं. पातं करवतीतून सोडवायचं, अंगठीच्या खालून सरकवायचं, मग करवतीला परत ताणायचं, आणि आतून बाहेर कापायचं. धार वर, बोटाला पाठ. … हो. दोन ठिकाणी, म्हणजे उघडते. … तेल. … बारीक दातांचं पातं. … हो बाबा, चार नंबरचं संपलंय, दोन नंबरचं आहे.

तुम्ही मला आत्ता शिकवताय का परीक्षा घेताय?

…

चिमेला द्या फोन… द्या ना.

चिमे, डॉक्टरीणबाईंना विचार, घरचं कारागीर माणूस करवत घेऊन आलं तर चालेल का… विचार तर. मी धरते… सरदार, ते दोन नंबरचं पुडकं द्या, खिडकीत, हो तेच, आणि ती छोटी करवत… ही नाही, ही पिसांची कातर. ती, खुंटीवरची. तेलाची बाटली. तुमची स्कूटर खाली आहे ना? किती वेळ लागेल इथून?… आठ मिनिटं? झगा काढा, चाकात जाईल… बरं, खोचा तरी.

हां, काय म्हणाल्या?… स्वच्छ करून देतील पातं? त्या शेजारी उभ्या राहणार? … पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांच्या वर नाही म्हणाल्या. आणि तोवर बर्फ, फडक्यात गुंडाळून… हो, अंगठीवर नाही, हातावर. हात उंच. खाली येऊ देऊ नकोस, रागावले तरी.

निघालेच. दार ओढते… कुलूप राहू दे. चोर येऊन काय नेणार, पिसं? नेऊ देत.

जिन्यात आहे… हो, बोल… नाही, फोन ठेवत नाही, हेल्मेटात खुपसते… बसले. चला हो सरदार, बघत काय बसलात… काय?

चिमे, एक मिनिट, हे काहीतरी म्हणतायत… जोरात बोला, वाऱ्यात ऐकू येत नाही!

…

सरदार म्हणतायत, त्यांच्या बोटातल्या अंगठीत चूक असेल तर आत्ताच सांगा, त्यांना त्यांची आवडलीय, कापायला देणार नाहीत… नाही हो, तुमची बरोबर आहे! पुढे बघा, पुढे, बस येतेय!

चिमे, नख?… अजून दहा? जास्त तर नाही? बरं. बाबांना सांग, पुलावर आलो.

काय म्हणतायत ते? मागे कोण ओरडतंय, तेच ना?… दे, दे.

हां बाबा. आलेच. चौक लागला… नाही हो, सावकाश चालवतायत… घाबरलेय तर घाबरलेय. तुमच्या पहिल्या कापणीला तुम्ही घाबरला नव्हतात का? … बघा! मग मला का सांगता!

कापून झाल्यावर? तुकडे? डब्यात टाकू की… बरं, डब्यात. सगळ्यांबरोबर. कायदा म्हणजे कायदा.

नवी? हो, करून देते ना. हात बरा झाला की. पण या वेळी डोळ्यांत तेल घालून करीन. उजव्या हाताचंच पीस, डाव्या पंखाचं, तुमच्या पहिल्या ठशासारखं अगदी…

नको?

…मग कुठलं?

…

डावऱ्याचंच? पण मग ते तुमचं कसं म्हणायचं, बाबा? ते तर माझ्या हातचं…

…

परत सांगा. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

…आलं. आलं ऐकू. पण परत सांगा.

…

हो. दुकान ज्याच्या हाताचं, मोहोरेवर पीस त्याच्या हाताचं.

…

नाही, रडत कुठंय? हेल्मेट घट्ट आहे. सरदारांचं आहे, त्यांचं डोकं लहान.

इथेच, इथेच थांबवा, फाटकाशी! बाबा, आले मी, खाली आहे. कितवा मजला?… दुसरा. हात पुढे करून ठेवा. आणि मी कापत असताना एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते, मधे मधे शिकवायचं नाही. कारागीर मी आहे.

ठेवते.